दाढ, चांदी आणि चिकटण्याची गोष्ट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. त्याला कारण दाढ.

दिवाळीचा उरलेला फराळ संपवण्याची जबाबदारी घरातल्या ज्येष्ठांवर असते. ती पार पाडताना माझी खालची उजवी दाढ तुटली. चकलीने तुटली असं मी म्हणतो. चकल्या हिने केलेल्या, त्यामुळे हिचं म्हणणं, चिवड्यातल्या खोबऱ्याने. (खोबरं मी कापलं होतं.) वाद अजून मिटलेला नाही. पण गंमत पुढेच आहे. या दाढेत १९७४ साली चांदी भरलेली होती, नोकरी लागून दुसरंच वर्ष होतं ते. चांदी जागच्या जागी शाबूत, आणि तिच्या बाजूची दाढेची भिंत मात्र माझ्या तळहातावर! म्हणजे भाडेकरू घरात आणि घरमालक रस्त्यावर.

गावातली दंतवैद्य ही माझीच विद्यार्थिनी. आठवीत असताना फार बडबड करायची, म्हणून तिला मी खिडकीपासून उठवून पहिल्या बाकावर बसवलं होतं. आता तिने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "सर, मोठ्ठा आ करा." जन्मभर ज्या पोरांना 'तोंड बंद' म्हणून सांगितलं, त्यांच्यातलीच एक मला आ करायला सांगते आहे. काळाचा महिमा, दुसरं काय!

तिने आरशात मला दाढ दाखवली आणि म्हणाली, "सर, ही चांदी दाताला चिकटलेली नसतेच कधी. ती नुसती अडकवलेली असते. ती अडकावी म्हणून दात मोठा कोरावा लागायचा. मग उरलेल्या भिंती पातळ होतात. पन्नास वर्षं टिकली, हेच खूप." मग तिने ती चांदी काढली, एका झाकणाच्या बरणीत टाकली, (त्यात पारा असतो, गटारात जाता कामा नये), दाढेला कसलंसं निळं जेल लावलं, धुतलं, ब्रशने काही तरी चोळलं, निळा दिवा धरला, मसाला भरला, पुन्हा दिवा. "यात नॅनो पार्टिकल्स आहेत सर, आणि आता हे खरंच चिकटलंय."

मी विचारलं, "टाटांची नॅनो का?" पण तोंडात कापसाचे बोळे असल्यामुळे तो विनोद वाया गेला. इथे वसूल करून घेतो.

घरी आलो, पण 'अडकवलेली' आणि 'चिकटलेली' हे दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. चौतीस वर्षं इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या. आपल्या जबड्यातही एक इतिहास बसलेला आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग काय, रिकामा वेळ भरपूर. विद्यार्थिनीकडून तिची दोन जाडजूड पुस्तकं आणली, नातवाने काही लेख उतरवून दिले, शब्दकोश जवळ ठेवला. माझं बी. ए. मराठी माध्यमातलं आणि रसायनशास्त्राशी संबंध मॅट्रिकपुरता, तेव्हा आपल्यातल्या जाणकारांनी चुकलं तर कान धरावा.

सुरुवात चांदीपासूनच करू. तिला आपण चांदी म्हणतो, पण ती असते चांदी, कथील, तांबं यांची पूड पाऱ्यात कालवून केलेली. तिचं नाव अमाल्गम. १८३३ साली क्रॉकूर नावाचे दोघे भाऊ युरोपातून न्यूयॉर्कला आले आणि हा लगदा भारदस्त शाही नाव देऊन दणक्यात विकू लागले. तोवर चांगला दंतवैद्य म्हणजे सोन्याचा वर्ख ठोकून ठोकून दातात बसवणारा. स्वस्तातली चांदी आल्यावर त्यांचा संताप झाला. १८४० साली अमेरिकेत दंतवैद्यांची संघटना स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत तिने सभासदांकडून 'आम्ही अमाल्गम वापरणार नाही' अशी प्रतिज्ञा लिहून घ्यायला सुरुवात केली. परिणाम? सभासद गळत गेले आणि १८५६ साली संघटनाच मोडली. चांदी राहिली. गिऱ्हाइकाला परवडणारी वस्तू प्रतिज्ञेने बंद होत नाही, हे आपल्याकडच्या किती तरी आंदोलनांनीही अनुभवलेलं आहे.

पुढे या चांदीला शिस्त लावली ती ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या गृहस्थाने. १८३६ ते १९१५ हा त्याचा काळ, कामाची जागा शिकागो. मिश्रणात कोणता धातू किती, हे त्याने मोजून ठरवलं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दातात खड्डा कसा कोरायचा याचे नियम त्याने घालून दिले. खड्ड्याचं तोंड निमुळतं आणि पोट रुंद. म्हणजे आत दाबलेली चांदी घट्ट झाली की बाहेर निघूच शकत नाही, रांजणात गच्च भरलेल्या ओल्या मातीसारखी. शिवाय कीड पुन्हा लागू नये म्हणून आजूबाजूच्या खाचाही कोरून घ्यायच्या, कीड नसली तरी! त्याच्या काळात हे शहाणपणाचंच होतं. पण हिशेब बघा. कीड असायची ज्वारीच्या दाण्याएवढी आणि कोरला जायचा हरभऱ्याएवढा भाग. वरचा सगळा चांगला दात. माझ्या दाढेतली पन्नास वर्षांपूर्वीची ती भिंत याच नियमाने पातळ झाली होती. कुणाची चूक नव्हती, जगभर तेच शिकवत होते.

अडकवायच्या ऐवजी चिकटवता का येत नव्हतं? कारण दात हा ओला. तोंडात चोवीस तास लाळ. त्यात गरम चहा, बर्फाचा गोळा, लिंबाचं लोणचं आणि दाढेखाली किलोकिलोंचा दाब. असल्या जागी गोंद लावून दाखवा! दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अ‍ॅक्रिलिक नावाचं प्लास्टिक दातात भरायला सुरुवात झाली. दिसायला छान, दातासारखं. पण घट्ट होताना ते आकसायचं, कडेने फट पडायची आणि फटीतून कीड पुन्हा आत. चिखल वाळल्यावर तो आळ्याच्या कडेपासून सुटतो ना, अगदी तसं.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला माणूस. मायकेल ब्युओनोकोर, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावच्या ईस्टमन दवाखान्यातला संशोधक. कारखान्यात धातूच्या पत्र्यावर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फरिक आम्ल लावतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने विचार केला, दातालाच का लावू नये?

ज्यांनी लहानपणी दारात कल्हईवाला बघितला असेल त्यांना हे एका वाक्यात समजेल. भांडं तापलं की तो नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि मग कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की भांडं चंदेरी. नवसागर नसेल तर कथील तांब्याला धरतच नाही, थेंब होऊन घरंगळतं. चिकटवायच्या वस्तूपेक्षा जिला चिकटवायचं ती आधी तयार करावी लागते. आमच्या कल्हईवाल्याला माहीत असलेली ही गोष्ट दंतशास्त्रात यायला १९५५ साल उजाडलं.

त्या वर्षी ब्युओनोकोरने एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल तीस सेकंद दाताच्या वरच्या पांढऱ्या कवचावर, म्हणजे एनॅमलवर, लावायचं आणि धुऊन टाकायचं. मग त्यावर अ‍ॅक्रिलिकचा थेंब. नुसत्या दातावरचा थेंब काही तासांत निघून आला, आम्ल लावलेल्या दातावरचा कित्येक आठवडे बसून राहिला. होतं काय, की एनॅमल जवळजवळ सगळं खनिजाचंच असतं, वजनाने सुमारे ९६ टक्के. आम्ल त्याला डोळ्यांना न दिसणारे लक्षावधी खळगे पाडतं. पातळ प्लास्टिक त्यांत उतरतं आणि तिथेच घट्ट होतं. पूर्वी जातं गुळगुळीत झालं की टाकवून घ्यायचे, तसं हे दात टाकवणं!

नीट पाहिलं तर हे ब्लॅकसाहेबांचंच कुलूप आहे. फक्त हरभऱ्याएवढ्या एका खड्ड्याऐवजी लाखो सूक्ष्म खड्डे, आणि चांगला दात कोरायची गरज नाही. पण दाताला आम्ल लावायचं, ही कल्पनाच लोकांना भयंकर वाटली. तो लेख बरीच वर्षं नुसता पडून होता. वर्गात मागच्या बाकावरून बरोबर उत्तर यावं आणि गुरुजींनी ऐकूच नये, असं व्हायचं कधी कधी. माझ्याकडूनही झालेलं आहे.

चिकटण्याची जागा तयार झाली, पण चिकटणारा मसाला अजून कच्चाच होता. तो पक्का केला राफेल बोवेन याने, आणि त्याचं पेटंट आहे १९६२ सालचं. त्याने कमी आकसणारं नवं रेझिन तयार केलं. बिस-जीएमए असं त्याचं नाव, ते उच्चारूनच माझी कवळी नसलेली जीभ अडखळते. त्यात त्याने गारेसारख्या दगडाची, सिलिकाची, बारीक पूड मिसळली, वजनाने दोन तृतीयांशाहून जास्त. म्हणजे हे काँक्रीटच झालं. सिमेंटच्या जागी रेझिन आणि खडीच्या जागी पूड. पण बोवेनची खरी हुशारी पुढची. दगडाची पूड प्लास्टिकला धरत नाही, म्हणून प्रत्येक कणाला त्याने सिलेन नावाच्या रसायनाचा हात दिला. या रसायनाचं एक टोक दगडाला धरतं आणि दुसरं रेझिनला. मुलीकडच्यांनाही ओळखणारा आणि मुलाकडच्यांनाही ओळखणारा मध्यस्थ म्हणा ना! इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की चिकटणं दोन ठिकाणी हवं. दाताशी रेझिन आणि रेझिनशी कण. यातलं एक जरी सुटलं तरी सगळं सुटतं. नॅनोच्या वेळी हे पुन्हा आडवं येणार आहे.

आणि तरीसुद्धा अर्धीच लढाई जिंकली होती. एनॅमलच्या आत असतं डेंटिन. कीड खोल गेली की भरायचं असतं ते यालाच. हे मात्र निराळंच प्रकरण आहे. यात वजनाने साधारण सत्तर टक्के खनिज, वीस टक्के कोलॅजेनसारखे सेंद्रिय धागे आणि उरलेलं पाणी. शिवाय एका चौरस मिलिमीटरमध्ये वीस-वीस हजार नळ्या, त्यांतून आतला ओलावा सतत वर येणारा. एनॅमल म्हणजे फरशी धरली तर डेंटिन म्हणजे पावसाळ्यातली गळकी भिंत. तिच्यावर कागद चिकटवायचा आहे. १९५० च्या सुमारास ऑस्कर हागर नावाच्या स्विस रसायनतज्ज्ञाने प्रयत्न केला होता, पण त्या पाण्याने कुणाला दाद दिली नाही.

इथे मंचावर येतात जपानी. १९७९ साली ताकाओ फुसायामा यांनी डेंटिनलाही सरळ आम्ल लावून चिकटवून दाखवलं. आम्लाने आतली नस मरेल या भीतीने पाश्चात्त्य मंडळी बराच काळ लांबच राहिली. १९८२ साली नोबुओ नाकाबायाशी यांनी चिकटण्याचं कारण दाखवलं. आम्लाने खनिज गेलं की कोलॅजेनचे धागे उघडे पडतात, सुटलेल्या सुतासारखे. रेझिन त्या धाग्यांत शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. ना धड दात, ना धड प्लास्टिक असा दोघांचा मिळून एक थर तयार होतो, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. त्याला त्यांनी 'हायब्रिड' थर म्हटलं. आपल्याकडे बाजरी-ज्वारीच्या संकरित बियाण्यामुळे हा शब्द शेतकऱ्यालाही माहीत आहे!

आम्ल धुतल्यावर दात फुंकून खडखडीत कोरडा करायचा, असा सगळ्यांचा शिरस्ता होता. पण कोरडं केलं की ते धागे ओल्या केसांसारखे एकमेकांना चिकटून आडवे पडतात आणि रेझिनला शिरायला वाट राहत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कान्का या अमेरिकी दंतवैद्याने सांगितलं, की दात किंचित ओला ठेवा. आमचा गवंडी गिलावा करण्याआधी भिंतीवर पाणी मारतो, त्याला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. (कारण वेगळं आहे, कबूल. पण मला आठवण झालीच.)

जपानचाच आणखी एक धागा. आणि हा खराखुरा धागा! कुरारे ही कंपनी १९२६ साली रेयॉनचं सूत काढायला निघाली होती. तिच्याच रसायनशाळेत १९८० च्या सुमारास दातातल्या कॅल्शियमला थेट पकडणारं एक रसायन तयार झालं. एमडीपी त्याचं नाव. हे नुसतं अडकणं नव्हे, रासायनिक हातमिळवणी. पुढे तीस एक वर्षांनी जपानी आणि बेल्जियन शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर हे रसायन दाताच्या कॅल्शियमबरोबर आपोआप थरावर थर रचतं आणि एकेक थर जेमतेम चार नॅनोमीटरचा.

हां, आता नॅनोमीटर. मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्यावरचा (ज्यांच्या आहे त्यांच्या) एक केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो.

बोवेनची पूड यापुढे फारच भरड. भरड पुडीचा मसाला मजबूत असतो, पण झिजताना मोठे कण निघून येतात, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि दाताची चकाकी जाते. अगदी बारीक पूड घातली तर चकाकी राहते, पण ती जास्त मावत नाही आणि ताकद कमी पडते. हा तिढा सोडवला सुमिता मित्रा यांनी. कोलकात्याच्या, माझ्याच पिढीतल्या, अमेरिकेत थ्री-एम कंपनीत काम केलेल्या रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी नॅनो कणांचे सैलसर घोस केले. घोस म्हणून ते मोठ्या कणासारखे ताकद देतात, पण झिजताना अख्खा घोस न निघता एकेक बारीक कण निघतो. त्यांच्या गटाने केलेला हा मसाला २००२ साली बाजारात आला. २०१८ साली अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय गौरवदालनात त्यांचं नाव लागलं, २०२१ साली युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला. आमच्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हे नाव एकदाही विचारलं गेलं नाही, याची मला आता चुटपुट लागली आहे.

पण मित्राबाईंचे कण मसाल्यात आहेत. माझ्या डोक्यातला किडा होता तो चिकटण्याचा. चिकटवणाऱ्या पातळ थरातच नॅनो कण घातले तर? हा प्रयोग १९९९-२००० च्या सुमारास सुरू झाला. कल्पना अशी, की नुसतं रेझिन हे त्या साखळीतलं मऊ कडं आहे. त्यात सात नॅनोमीटरचे सिलिकाचे कण घातले तर ते कण धाग्यांच्या जाळीत शिरतील आणि थर आतून भक्कम होईल. धाग्यांमधली फट साधारण वीस नॅनोमीटरची, कण सातचा. गणित अगदी बरोबर!

सूक्ष्मदर्शकाने मात्र निराळंच दाखवलं. कण एकएकटे राहिलेच नव्हते. त्यांच्या गुठळ्या झाल्या होत्या. नळ्यांच्या तोंडाशी आणि नळ्यांत ते गोळा झाले होते, जाळीच्या आत शिरलेच नव्हते. पिठलं करताना उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं तर काय होतं, ते मला सांगायची गरज नाही. (आमच्याकडे ते मी एकदाच केलं.) कण जितका बारीक, तितका तो शेजाऱ्याला जास्त बिलगतो. आणि तो सुटा राहावा, रेझिनला धरावा, म्हणून पुन्हा बोवेनचा तो मध्यस्थ लागतो.

त्यानंतर दातात काय काय घालून पाहिलं गेलं याला सुमार नाही. सिलिका, झिर्कोनिया, टायटॅनियम डायऑक्साईड, जस्ताचं भस्म म्हणावं तसं झिंक ऑक्साईड, चांदी, तांबं. चांदीचं पुनरागमन मजेशीर आहे. पूर्वी ती कुलूप होती, आता जंतू मारायला चिमूटभर. जास्त झाली तर दात काळवंडतो. बहुतेक प्रयोगांतून एकच तऱ्हा पुन्हा पुन्हा दिसते, की थोडं घातलं तर पकड वाढते किंवा निदान बिघडत नाही आणि हात सैल सुटला की घसरते. २०११ सालच्या एका प्रयोगात ग्लास आयोनोमर नावाच्या दाताच्या सिमेंटमध्ये टायटॅनियम डायऑक्साईडचे नॅनो कण घातले होते. ३ आणि ५ टक्क्यांना ताकद वाढली, ७ टक्क्यांना उतरली. कारणंही सरळ आहेत. कण वाढले की रेझिन दाट होतं आणि धाग्यांत उतरत नाही, गुठळ्यांच्या जागा कच्च्या राहतात, आणि अपारदर्शक कणांमुळे निळ्या दिव्याचा उजेड खालपर्यंत पोचत नाही. शेवटी मीठच ते. चवीपुरतं.

आता माझी मास्तरकी करतो. ही पकड मोजतात कशी? काढून टाकलेला दात घेतात, त्याला मसाला चिकटवतात आणि यंत्राने ढकलून किंवा ओढून किती जोराला सुटतो ते बघतात. पुष्कळदा चोवीस तासांनी. काही जण ते नमुने ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात हजारो वेळा आलटून पालटून बुडवतात, म्हणजे चहा आणि आईस्क्रीम. हे चांगलंच आहे. पण ती चाचणी परीक्षा झाली, बोर्डाची नव्हे. तोंडात वर्षानुवर्षं पाणी त्या थरात मुरत राहतं. शिवाय २००४ साली डेव्हिड पॅशली यांच्या गटाने दाखवलं, की डेंटिनमध्येच झोपलेली काही विकरं असतात. रेझिनने न झाकलेले कोलॅजेनचे धागे ती हळूहळू खाऊन टाकतात. बाहेरचा शत्रू नको, घरचाच पुरतो! झिंक आणि तांब्याच्या कणांकडे आता लोक बघतात ते म्हणूनच. नुसती भिंत पक्की करायला नव्हे, तर त्या विकरांना आवर घालायला आणि जंतूंना दूर ठेवायला. दहा-पंधरा वर्षं खऱ्या माणसाच्या दाढेत हे कण काय करतात, त्यावर माझ्या मते खरा निकाल लागेल. चोवीस तासांच्या आकड्यांवर मी तरी गुण देणार नाही.

हे सगळं वाचून विद्यार्थिनीकडे पुस्तकं परत द्यायला गेलो. तिला म्हटलं, "अगं, मग चांदी काय वाईट होती? न चिकटता पन्नास वर्षं राहिली." ती म्हणाली, "सर, चांदी चाललीच आता." हे खरं आहे. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार २०१३ सालचा, २०१७ पासून लागू. पाऱ्याचा वापर हळूहळू कमी करत जायचं, अमाल्गमसुद्धा. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून ते जवळपास बंदच केलं. १८५६ साली प्रतिज्ञेला जे जमलं नाही ते अखेर होतं आहे, आणि कारण दाताचं नाही, नदीतल्या माशांचं आहे.

म्हणजे पुढच्या पिढीच्या दातांत जे भरायचं ते चिकटणारंच असणार. माझ्यासारख्याला ते परवडतं. निळा दिवा आहे, वीज आहे, शिकलेला हात आहे, आणि पैसे मुलाने दिले. पण विद्यार्थिनी वर्षातून दोनदा डोंगरातल्या आश्रमशाळेत शिबिराला जाते. तिथे ती काय वापरते? वर ज्याचा उल्लेख केला ते ग्लास आयोनोमर. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या आसपास काढलेलं. काचेची पूड आणि आम्ल कालवायचं, भरायचं. ते स्वतःच दातातल्या कॅल्शियमला धरतं, ओलाव्याची फारशी तक्रार न करता. दिवा नको, यंत्र नको. १९८० च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन आणि सहकाऱ्यांनी विजेशिवाय, नुसत्या हातातल्या अवजारांनी कीड खरवडून दात भरायची पद्धत सुरू केली. आधी दुसरं सिमेंट वापरलं, पण ती रुळली या ग्लास आयोनोमरवर. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

त्याचं दुखणं एकच, ठिसूळ आहे. दाढेच्या दाबाला फुटतं, झिजतं. आणि इथेच मला या नॅनो प्रकरणाचं खरं मोल वाटतं. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाईट म्हणजे दात ज्याचा बनलेला असतो तेच खनिज. दातातले त्याचे स्फटिकही मुळात नॅनोच असतात, निसर्गाने कुणाला न विचारता केलेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या खनिजाचे नॅनो कण ग्लास आयोनोमरमध्ये मिसळले, तेव्हा त्याची ताकदही वाढली आणि डेंटिनवरची पकडही. प्रयोगशाळेतच, हे मी विसरलेलो नाही. पण माझ्या दाढेची चकाकी टिकण्यापेक्षा आश्रमशाळेतल्या पोराच्या दाढेतलं सिमेंट पाच वर्षं जास्त राहिलं, तर त्या कणांनी पोटापुरतं काम केलं म्हणायचं.

मी तिला विचारलं, "शिबिरातल्या तुझ्या सिमेंटमध्ये आहेत का गं हे कण?"

"नाही सर, ते साधंच आहे. परवडायला हवं ना." मग म्हणाली, "पुढच्या शिबिराला चला की. पोरं आ करायला तयार नसतात. तुम्ही गोष्ट सांगा, तोवर मी भरते."

जानेवारीत आहे शिबिर. जाणार आहे. कोणती गोष्ट सांगावी ते अजून ठरलेलं नाही. कल्हईवाल्याची सांगावी तर कल्हई म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल. कुणाला चांगली सुचली तर कळवा. माझी दाढ छान आहे, सहा महिन्यांनी दाखवायला बोलावलं आहे. तोवर चकली दुधात बुडवून खायची, असा घरातून हुकूम आहे.